घरचा सर्व्हर, माझी चार दिवसांची गैरहजेरी आणि एक पाकीट

खिडकीबाहेर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण शेवटी एक खरा प्रश्न आहे, म्हणून वाचाच अशी विनंती.

घरी एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स चालतं, तोच आमचा सर्व्हर. 2021 मध्ये त्याची बुल्सआय आवृत्ती आली तेव्हा बसवलं, 2023 ला बुकवर्म, 2025 ला ट्रिक्सी. त्याच सिस्टीमवर अपग्रेड करत आलोय, एकदाही पाटी कोरी करावी लागली नाही. फोटो इमिचवर, फाइली-कॅलेंडर-संपर्क नेक्स्टक्लाउडवर, पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये, घरभरच्या जाहिराती गाळायला पाय-होल आणि बाहेरून घरात यायला वायरगार्ड. पूर्ण डिस्क लक्सने, म्हणजे लिनक्समधल्या डिस्क-कुलपाने, एन्क्रिप्ट केलेली. लॅपटॉप चोरीला गेला तरी घरचे कागद कुणाच्या हाती लागू नयेत, एवढाच हेतू.

मागच्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं. आधीपासून ठरलेलं, चार दिवसांचा मुक्काम. निघायच्या आदल्या रात्री अपडेट केले, बॅकअप बघितला, डिस्कवरची जागा बघितली. सगळं ठाकठीक.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरची वीज वीसेक मिनिटं गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे तो बंद पडला. वीज आली तरी तो आपण होऊन चालू होत नाही. आमचा राउटर प्रत्येक उपकरणाला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) म्हणून फक्त पाय-होलचा पत्ता देतो. म्हणजे इंटरनेटची लाइन चालू, पण कुठल्याच साइटचा पत्ता लागत नाही. घरच्यांच्या दृष्टीने इंटरनेट गेलं. बायकोने राउटर दोनदा बंद-चालू केला, कंपनीला फोन केला. लाइन व्यवस्थित आहे असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी माझ्या औषधांच्या ॲलर्जीचा जुना रिपोर्ट मागितला. मी गुंगीत होतो. रिपोर्ट स्कॅन करून सर्व्हरवर ठेवलाय हे बायकोला माहीत होतं. घरी येऊन तिने लॅपटॉपचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली: डिस्क उघडायची पासफ्रेज द्या. ती पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, व्हॉल्टवॉर्डनमध्ये, आणि व्हॉल्टवॉर्डन त्याच डिस्कवर. माझ्या फोनमधल्या ॲपमध्ये व्हॉल्टची प्रत असते, पण त्याचा मुख्य पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात.

रिपोर्टची कागदी प्रत शेवटी रात्री साडेदहाला जुन्या फाइलींच्या गठ्ठ्यात सापडली. पुढचं सगळं नीट झालं, मी आता बरा आहे. पण ती चार तास एकटी कपाटं उपसत होती, ते मनातून जात नाही. तिचं कॅलेंडर, मुलांचे फोटो, आमचे सगळे कागद मी माझ्या आवडीपोटी या लॅपटॉपवर आणले. तो बंद पडला तर काय करायचं, हे तिला कधी सांगितलंच नाही.

तर प्रश्न असा. घरच्यांसाठी एक पाकीट करून ठेवायचं म्हणतोय. तुम्ही काय करून ठेवलंय? पाकिटात काय लिहावं?

---

निळा कोळी

आधी तब्येत सांभाळा. बाकी सगळं सावकाश होईल.

पहिलं काम डीएनएसचं. राउटरमध्ये दोन पत्ते द्यावेत, एक पाय-होलचा आणि दुसरा एखाद्या सार्वजनिक सेवेचा, असं सगळ्यांना सुचतं. पण तो दुसरा पत्ता राखीव म्हणून बसून राहत नाही. बरीच उपकरणं दोघांनाही हवं तेव्हा विचारतात. मग जाहिराती मधूनच दिसायला लागतात आणि कारण सापडत नाही. मी दोन पाय-होल ठेवलेत, एक मोठ्या मशीनवर आणि एक रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर. पायवर दुसरं काहीही नाही. एसडी कार्ड सततच्या लिखाणाने झिजतं, म्हणून त्याचे लॉग रॅममध्ये ठेवले आहेत.

तेही नको असेल तर पाकिटात राउटरच्या सेटिंगच्या पानाचा छापलेला फोटो ठेवा. डीएनएसच्या रकान्याभोवती लाल गोल काढा आणि 'इथे आपोआप निवड, मग वायफाय बंद करून चालू कर' एवढं लिहा. इंटरनेट आलं की घरातली निम्मी धावपळ थांबते.

आणि ती संपलेली बॅटरी आजच काढा. चोवीस तास चार्जरवर असलेल्या बॅटऱ्या फुगतात. नवी घातलीत तर चार्जची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवता येते का बघा, बऱ्याच लॅपटॉपसाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) त्याची सोय आहे. वीज आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं असा पर्याय बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) असतो. डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा सापडतो, लॅपटॉपमध्ये शोधावा लागतो.

---

सावकाश

निळा कोळी यांच्याशी सहमत. मी फक्त लक्सबद्दल लिहितो.

लक्सच्या डिस्कला एकच पासफ्रेज असते असं पुष्कळ जण धरून चालतात. लक्स 1 मध्ये 8 खाचा असतात, लक्स 2 मध्ये 32 पर्यंत. प्रत्येक खाचेत वेगळी पासफ्रेज, आणि कुठल्याही एकीने डिस्क उघडते. तेव्हा वहिनींसाठी वेगळी पासफ्रेज घाला. तुमची तुमच्याकडे, त्यांची पाकिटात. पाकीट हरवलं तर तेवढी एक खाच पुसायची, तुमचं काही बदलत नाही.

ती पासफ्रेज हाताने लिहिता यावी, वाचता यावी अशी हवी. फासे टाकून शब्द निवडायची पद्धत मला आवडते. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये त्यासाठी 7776 शब्दांची यादी काढली. पाच फासे टाकले की एक शब्द मिळतो, सहा शब्द भरपूर झाले. चिन्हं घालू नका. बूटच्या वेळी कीबोर्डची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असू शकते आणि चिन्ह भलत्याच कळीवर जातं.

लक्सच्या हेडरचा, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या ज्या भागात या खाचा असतात त्याचा, बॅकअप घेतलाय का? हेडर खराब झाला तर पासफ्रेज बरोबर असूनही डिस्क उघडत नाही. क्रिप्टसेटअप या लक्सच्या साधनात त्याची आज्ञा आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा: हेडरच्या जुन्या प्रतीत जुन्या पासफ्रेज जिवंत असतात. खाच पुसली तर ती जुनी प्रतही नष्ट करायला हवी.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा आग्रह सोडता येईल का, बघा. माझ्याकडे सिस्टीमचं पार्टिशन उघडं आहे, फक्त डेटाचं कुलूपबंद. वीज जाऊन आली की मशीन उठतं, डीएनएस चालू होतं, वायरगार्ड चालू होतं. मग मी जिथे असेन तिथून एसएसएचने (दुरून मशीनवर आज्ञा चालवायची सोय) आत येऊन डेटाचं कुलूप काढतो. यात सिस्टीमवरच्या फाइली उघड्या राहतात, कुणी मशीन हाताळून त्यात काही पेरूही शकतो. माझ्या घरासाठी मला ते चालतं. तुमचं तुम्ही ठरवा.

---

रात्रपाळी

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

मीही बरंच काही घरी चालवतो. पण वैद्यकीय रिपोर्ट, ओळखीचे कागद, घराचे कागद यातलं काहीही तिथे नाही. या गोष्टी नेमक्या अशा वेळी लागतात जेव्हा आपण हलू शकत नाही. अशा वेळी ज्या सेवेमागे रात्रंदिवस माणसं बसलेली आहेत तीच बरी. तुमचा छंद तुमचा आहे, घरच्यांनी त्याची किंमत का मोजावी? वहिनींनी लक्स हा शब्द कधी ऐकावासुद्धा लागू नये असं मला मनापासून वाटतं.

---

खिडकीबाहेर

रात्रपाळी, राग कसला. हेच मी चार दिवस पडल्या पडल्या स्वतःला विचारत होतो.

पण दुसरी बाजूही मी भोगली आहे. काही वर्षांपूर्वी आमचे सगळे फोटो एका मोठ्या सेवेत होते. एके दिवशी खातं बंद झालं. कारण आजवर कळलेलं नाही. अर्ज केले, ठरावीक उत्तरं आली. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांतले बरेचसे फोटो गेले ते गेलेच. मागे रात्रंदिवस बसलेली माणसं होती, पण माझं ऐकणारं कुणी नव्हतं. घरचा सर्व्हर मी तेव्हा सुरू केला. त्यामुळे तो छंद आहे हे खरं असलं तरी नुसता छंद नाही.

किंमत घरच्यांनी मोजू नये, हे मात्र शंभर टक्के मान्य.

अजून एक राहिलं. घरी आल्यावर मी सर्व्हर चालू केला आणि नेक्स्टक्लाउडच्या शोधात 'ॲलर्जी' टाकलं. काहीच मिळालं नाही! फाइल तिथेच होती, नावही 'ॲलर्जी रिपोर्ट' हेच. म्हणजे त्या रात्री डिस्क उघडली असती तरी बायकोला ती सापडली नसती.

---

खडू

हे माझ्या आवडीचं दुखणं आहे, म्हणून जरा अवांतर.

तुमच्या फाइलीच्या नावातला 'ॲ' आणि तुम्ही शोधात टाइप केलेला 'ॲ' डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकासाठी वेगळे आहेत. स्वतंत्र 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) 5.1 या आवृत्तीत, 2008 साली आलं. त्याचा क्रमांक यू+0972. त्याआधी आपण सगळे 'अ' लिहून त्यावर चंद्र देत होतो, म्हणजे दोन चिन्हं. काही कीबोर्ड त्या दोघांच्या मधे न दिसणारा जोडक घालतात, म्हणजे तीन. एकाच अक्षराची ही तीन रूपं. आणि युनिकोडचं प्रमाणीकरण (एनएफसी वगैरे, अक्षरं एका रूपात आणायचे नियम) त्यांना एक मानत नाही. शोध नाव अक्षरशः जुळवत असेल तर सापडणार कसं?

'दऱ्या', 'सुट्ट्यांच्या वाऱ्या' अशा अल्बमांचीही हीच कथा. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड नुक्त्याच्या 'ऱ' पासून बनवतात, काही साध्या 'र' ला हलंत आणि जोडक लावून. फोनवर अल्बमला नाव दिलं आणि संगणकावर शोधलं की हाती शून्य. मराठीत सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं.

मी एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली आहे. ती रोज रात्री नवी नावं तपासते आणि सगळी रूपं एकाच रूपात आणते. नेक्स्टक्लाउडच्या फाइलींना परस्पर नवी नावं दिलीत तर नंतर त्याला फाइली पुन्हा चाळायला लावा, नाहीतर त्याच्या डेटाबेसमध्ये जुनीच नावं राहतात. महत्त्वाच्या कागदांना मात्र मी नावाआधी तारीख लावतो: वर्ष-महिना-दिवस, सगळं आकड्यांत. यादीत ते आपोआप क्रमाने बसतात आणि शोध चुकला तरी डोळ्यांनी सापडतात.

---

निळा कोळी

खडू, हे मला माहीतच नव्हतं. आत्ता माझ्याकडे बघितलं, एकाच फोल्डरमध्ये 'ॲ' ची दोन रूपं निघाली. वाचनखूण साठवली.

---

अर्धवर्तुळ

पाकिटाचं सगळे बोलतायत, पण पाकीट उघडून जिथे पोचायचं ते तिथे असेल ना?

माझा अनुभव सांगतो. इमिचचा डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीत असतो. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) त्याचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, एका फाइलीत टाकत होतो. कंटेनरमध्ये (डेटाबेस ज्या वेगळ्या कप्प्यात चालतो त्यात) जाऊन डंप घ्यायच्या आज्ञेत मी टर्मिनल मागणारा पर्याय ठेवला होता, कारण हाताने चालवताना तसाच लिहायची सवय. हाताने चालवलं की टर्मिनल असतं, क्रॉनमध्ये ते नसतं. आज्ञा पहिल्याच पावलावर चूक दाखवून थांबायची. पण शेलने, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने, तोपर्यंत डंपची फाइल उघडलेली असायची. रोज रात्री नव्या तारखेची फाइल तयार, आकार 0 बाइट. मी यादी बघायचो, तारखा बघायचो, समाधानाने झोपायचो. असे पाच महिने गेले. मग डिस्क गेली.

मूळ फोटो वाचले, ते रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने दुसऱ्या डिस्कवर जात होते. अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावं, वडिलांनी बसून एकेका जुन्या फोटोखाली लिहिलेली टिपणं गेली. ती टिपणं परत लिहायला वडील आता नाहीत.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी एका रिकाम्या मशीनवर सगळं परत उभं करून बघतो. यादी बघत नाही, फोटो उघडून बघतो. डंपचा आकार कालच्यापेक्षा फार कमी भरला तर स्क्रिप्ट मला निरोप पाठवते.

आणि पाकिटासाठी: रेस्टिक किंवा बोर्गचा बॅकअप घरच्यांसाठी नाही. तो उघडायला पासवर्ड हवा, आज्ञा हव्यात. त्यांच्यासाठी एक साधी प्रत ठेवा. एक बाहेरची डिस्क, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली, एन्क्रिप्शन नाही, आत वर्षांचे फोल्डर आणि त्यात फोटो. कुठल्याही संगणकाला लावली की दिसायला हवी. लिनक्समध्येही 5.7 कर्नलपासून, म्हणजे 2020 पासून, एक्सफॅटचा चांगला ड्रायव्हर आतच आहे. इमिच मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतं आणि स्टोरेज टेम्प्लेट चालू केलं तर वर्ष-महिन्याप्रमाणे मांडतंही, त्यामुळे ही प्रत काढणं म्हणजे आरसिंक या कॉपी करायच्या आज्ञेची एक ओळ. नेक्स्टक्लाउडमधल्या फाइलीही डिस्कवर साध्याच असतात, फक्त त्याचं सर्व्हर-बाजूचं एन्क्रिप्शन चालू केलेलं नसावं.

चोरीची भीती असेल तर ती डिस्क कुलपाच्या कपाटात ठेवा. कपाटाची किल्ली कुठे असते हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

---

ओसरी

मला लिनक्स येत नाही. इथे फक्त वाचायला येते, कारण माझा भाऊ या सगळ्यात रमायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. आजारपण लांबलं होतं, त्यामुळे त्याला तयारीला वेळ मिळाला.

त्याने आमच्यासाठी तीन पानं लिहून ठेवली होती. पहिल्या पानावर पहिलीच ओळ अशी: 'ताई, घाई कशाचीच नाही. यातलं काहीही बंद पडलं तरी फोटो जाणार नाहीत.' ती ओळ वाचून मी खुर्चीत बसले आणि मग पुढचं वाचू शकले. तोपर्यंत त्याच्या खोलीतल्या त्या दिव्यांकडे बघायचीही भीती वाटत होती. आपला हात लागला आणि काही पुसलं गेलं तर?

सर्व्हर चालवायचा कसा, याचं त्या तीन पानांत एक अक्षर नव्हतं. बंद कसा करायचा ते होतं. कपाटातली कुठली डिस्क घ्यायची, तिच्यावर त्याने पिवळी चिठ्ठी लावली होती. ती कुठल्याही संगणकाला लाव आणि फोटो दिसतात का बघ. दिसले की दुसरी प्रत काढ. आईचे संपर्क दुसरीकडे कसे न्यायचे. आणि मग, हे सगळं झाल्यावर, बटण पाच सेकंद दाबून धर.

तुम्ही सगळे चालू ठेवायच्या उपायांवर बोलताय. ते तुम्ही असताना उपयोगी आहेत. पण मला सर्व्हर चालवायला शिकवलं असतं तर मी पहिल्या आठवड्यातच हरले असते, आणि वर वाटत राहिलं असतं की त्याची एवढी मेहनत मी घालवली. त्याने मला ती बंद करायची परवानगी लिहून दिली होती.

एक गोष्ट तो दोनदा लिहून गेला. त्याचा ईमेल त्याच्या स्वतःच्या डोमेनवर होता. 'हे नाव सगळ्यात शेवटी सोड.' पुढची काही वर्षं त्याने आधीच भरून ठेवली होती. का, ते नंतर कळलं. वर्षभर सगळीकडची पत्रं, पासवर्ड बदलायचे निरोप त्याच पत्त्यावर येत होते.

---

सावकाश

ओसरी, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार. मी आज रात्री माझं पाकीट पुन्हा लिहायला घेतो.

डोमेनबद्दल एवढंच जोडतो. डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी भरून ठेवता येतं. मुदत संपून नाव रद्द झालं तरी 30 दिवस ते परत मिळवता येतं, जास्त शुल्क देऊन. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं, आणि मग त्या पत्त्यावरची पत्रं त्या माणसाला जातात.

---

रात्रपाळी

ओसरी यांचं वाचून माझं मत बदललं. रिपोर्ट कुठे आहेत हा प्रश्न नव्हताच. माझ्या मोठ्या सेवेतल्या खात्याचाही पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही. माझ्या घरीही तीच रात्र आली असती.

---

खिडकीबाहेर

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांत काय केलं ते सांगतो.

बॅटरी बदलली. डीएनएस वेगळ्या छोट्या मशीनवर गेलं. लक्समध्ये बायकोसाठी सहा शब्दांची पासफ्रेज घातली. साधी प्रत असलेली डिस्क कपाटात गेली, रिपोर्टांच्या नावाआधी तारखा लागल्या. आधी पाकिटासाठी मी सात पानं लिहिली होती, त्यात सगळ्या सेवांची माहिती होती. ओसरींचा प्रतिसाद वाचल्यावर ती फाडली आणि दोन पानं लिहिली.

मग एका रविवारी लॅपटॉप बंद केला, पाकीट बायकोच्या हातात दिलं आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. एक शब्द बोलायचा नाही असं ठरलं होतं. तिला एक तास पन्नास मिनिटं लागली. इंटरनेट पहिल्या दहा मिनिटांत आलं. अडकली ती पासफ्रेजवर. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजून ती प्रत्येक वेळी दुसऱ्या शब्दावर थांबत होती. पंचवीस मिनिटं गेली त्यात. मला हे लिहायचं सुचलंच नव्हतं, इतकी मला त्याची सवय झाली आहे.

साधी डिस्क तिने लावली, ॲलर्जीचा रिपोर्ट उघडला आणि माझ्या खोलीत आणून दाखवला. म्हणाली, 'हे आधी लिहिलं असतंस तर बाकीचं काही लागलंच नसतं. डिस्कचं पान पहिलं ठेव.'

पान बदललं. काहींनी मजकूर मागितला होता, म्हणून पहिलं पान जसंच्या तसं देतो:

'घाई कशाचीच नाही. यातलं काहीही बंद पडलं तरी फोटो आणि कागद जाणार नाहीत.

कपाटात वरच्या खणात पिवळी चिठ्ठी लावलेली डिस्क आहे. कुठल्याही संगणकाला लाव. रिपोर्ट 'कागद' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, नाव तारखेने सुरू होतं. तुला जे हवं ते इथे मिळालं तर लॅपटॉपला हातही लावू नकोस.

इंटरनेट गेलं असेल तर मागच्या पानावर राउटरचा फोटो आहे.

लॅपटॉप उघडायचाच असेल तर खालचे सहा शब्द मधे एकेक जागा सोडून टाइप कर. टाइप करताना पडद्यावर काहीच दिसणार नाही. तरी थांबू नकोस, सहाही शब्द लिही आणि मग एंटर दाब.

मी बराच काळ नसेन तर दुसरं पान वाच. त्यात सगळं बंद कसं करायचं ते आहे. बंद केलंस तर मला चालेल.'

शेवटच्या वाक्याखाली तिने पेनाने एक ओळ घातली आहे: 'डिस्कवर नवे फोटो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. मी आठवण करीन.'